वाफ्यातलं मीठ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला रेडिओवर बोलावलं की तो कविता वाचणार, असं तुम्ही धरून चालला असाल. बोलावणाऱ्यांनीही तसंच धरलं होतं. मी त्यांना म्हटलं, या खेपेला मला मिठावर बोलू द्या. जेवणातल्या नाही, जमिनीतल्या मिठावर. माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. शेतीशास्त्राची पदवी माझ्याकडं नाही. पण मी कृष्णाकाठच्या एका बागवानाच्या घरात जन्मलो, वांगी-मिरचीच्या वाफ्यात लहानाचा मोठा झालो आणि त्याच वाफ्यानं आम्हाला एकदा गावासमोर खाली बघायला लावलं. ती गोष्ट सांगतो आणि तिच्यामागचं कारणही सांगतो. कारण सांगणं जास्त गरजेचं आहे, कारण तशीच गोष्ट यंदा तुमच्याही वाफ्यात घडत असेल.

आमच्याकडं भाजीच्या रोपाला तरू म्हणतात. शाळेच्या पुस्तकात तरू म्हणजे मोठं झाड. आमच्याकडं तरू म्हणजे बोटभर उंचीचं, दोन-चार पानांचं, मुठीत शंभर मावतील असं रोप. 'तरू टाकला' म्हणजे बी पेरलं, 'तरू उपटला' म्हणजे रोपं लावणीला निघाली. आमचे अब्बा तरूच विकायचे. फजरची नमाज झाली की घरी चहा न घेता थेट वाफ्यावर. मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी. आजूबाजूच्या दहा-बारा गावांतली माणसं रोपं न्यायला यायची. या धंद्यात एक गंमत आहे. भाजी विकली तर गिऱ्हाईक ती लगेच बघून, दाबून, मोडून घेतं. तरूचं तसं नाही. रोप बरं होतं की वाईट, हे गिऱ्हाइकाला महिन्यानं कळतं. तोवर पैसे देऊन झालेले असतात. म्हणून हा धंदा सगळा शब्दावर चालतो.

बी टाकण्याआधी अब्बा वाफ्यातली चिमूटभर माती जिभेला लावायचे आणि थुंकायचे. मी विचारलं तर म्हणाले, "मिट्टी कू जुबान नै रहती बेटा, अपनेच जुबान से पूछना पडता." मातीला जीभ नसते, आपल्याच जिभेनं विचारावं लागतं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. पुढं कळलं की याच जिभेवर विसंबून आमचा घात झाला होता.

साल १९९८. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, एका वाचनालयात नोकरीला. मे महिन्याच्या मध्याला अब्बांनी मिरचीचा तरू टाकला. उगवण विरळ झाली. वाफ्यात टक्कल पडल्यासारखे गोल डाग राहिले. जे उगवलं ते खुरटलं. पानं काळपट हिरवी, कडा करपलेल्या. दुपारी रोपं माना टाकायची आणि बोट घालून बघावं तर माती ओली! अब्बांना वाटलं, उष्णता बाधली. त्यांनी पाणी वाढवलं. मग वाटलं, बुरशी असेल. त्यांनी चुलीतली राख फेकली. रोपं कशीबशी वाढली आणि जुलैत लावणीला गेली.

पंधरा दिवसांनी पलीकडच्या गावातल्या एक काकी आल्या. नवरा वारलेला, वीस गुंठे जमीन, सगळ्या वीस गुंठ्यांत आमचीच मिरची लावलेली. त्यांनी पदराची गाठ सोडून वाळलेली रोपं अब्बांसमोर ठेवली. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाई, तुमच्याकडनं नेलंय म्हणून बघाय आणलं." अब्बांनी पैसे परत दिले, पण त्यांचा हंगाम काही परत देता आला नाही. मागोमाग आणखी चार-पाच गिऱ्हाइकं आली.

घरात खल झाला. अम्मी म्हणाली नजर लागली. भाई, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला बियाणं बोगस. घरात शिकलेला मी एकटा. मी कागद घेतला आणि बियाणे विक्रेत्याविरुद्ध तक्रारअर्ज लिहिला. बी.ए.ची सगळी मराठी त्यात ओतली. फसवणूक, भेसळ, गरीब शेतकऱ्याच्या पोटावर पाय. अर्ज वाचून मलाच भरून आलं होतं. बाजारात आठवडाभर त्याचीच चर्चा होती आणि त्या विक्रेत्याच्या दुकानाची पायरी लोक चढेनासे झाले.

चौकशीला एक कृषी अधिकारी आले. पुडीतलं उरलेलं बी त्यांनी नेलं आणि जाता जाता वाफ्यातली मातीही पिशवीत भरून घेतली. दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी आम्हाला बोलावलं. बी ओल्या कागदात घालून उगवून बघितलं होतं, ते चांगलं उगवलं होतं. दोष मातीत होता. सामू ८.८, क्षारता २.१. अब्बांना आकडे कळले नाहीत. अधिकारी म्हणाले, "बागवान, तुमच्या वाफ्यात मीठ चढलंय. खार पण आहे आणि चोपण पण." अब्बा म्हणाले, "साहेब, मी चाखून बघतो हो दर वर्षी." त्यावर ते म्हणाले, "जिभेला कळायच्या कितीतरी आधी मुळाला कळतं."

त्या एका वाक्यानं मला या विषयाकडं ओढलं. पुढची पंचवीस वर्षं मिळेल ते वाचत गेलो, जाणत्यांना विचारत गेलो. ते आता थोडक्यात सांगतो.

मिठानं रोप का मरतं? तुमच्या स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या. काकडीच्या कोशिंबिरीला आधी मीठ लावून ठेवलं तर काय होतं? काकडीला पाणी सुटतं. मीठ बाहेर, पाणी आत, आणि मीठ पाण्याला बाहेर ओढतं. मुळाचंही तेच. चांगल्या जमिनीत मुळातला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी मुळात शिरतं. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की ही ओढ कमी होते. पाणी समोर असतं, पण रोपाला ते पिता येत नाही. ओल्या मातीत रोप माना टाकतं ते यामुळं. बियाण्याचंही तसंच, बी नीट फुगत नाही, उशिरा फुगतं, काही फुगतच नाही. उगवण विरळ होते.

ही झाली तहान. दुसरा प्रकार विषाचा. पाण्याबरोबर सोडियम आणि क्लोराइड रोपात शिरतात आणि पानांच्या कडेला साठत जातात. म्हणून कडा आधी करपतात. तिसरा प्रकार उपासमारीचा. सोडियमच्या गर्दीत पोटॅश आणि कॅल्शियम यांना मुळात शिरायला वाट मिळत नाही.

आणि चोपण जमिनीत याहून वेगळंच घडतं. मातीच्या कणांवर जे क्षार चिकटून असतात, त्यांत सोडियमचा वाटा पंधरा टक्क्यांच्या वर गेला की काळ्या मातीची रचनाच मोडते. एरवी मातीचे कण एकमेकांना धरून रवाळ असतात. त्यांच्यामधून हवा जाते, पाणी मुरतं. सोडियम वाढला की कण सुटे होतात, ओल्यात लोण्यासारखे पसरतात आणि वाळले की वर पापडी धरतात. मिरचीचं बी केवढंसं, त्याच्या कोंबाला ही पापडी फोडता येत नाही. तो आतल्या आत वाकतो. शिवाय अशा जमिनीचा सामू साडेआठच्या वर जातो. मग लोह, जस्त जमिनीत असूनही रोपाला मिळत नाहीत. कोवळं पान पिवळं पडतं, फक्त शिरा हिरव्या राहतात. आपण त्याला युरिया देत बसतो.

आता तुम्ही म्हणाल, शेजारच्याच रानात ऊस उभा राहतो, मग तरूच का मरतो? कारण तरूचं मूळ असतं वरच्या दोन-तीन बोटं मातीत. आणि मीठ सगळ्यात जास्त साठतं तेही तिथंच. खालची ओल उन्हानं वर ओढली जाते, पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. मोठ्या झाडाची मुळं खोल जातात, खालचं बरं पाणी शोधतात. तरूला ती सोय नाही. आणखी एक हिशेब बघा. वाफ्यातलं निम्मं पाणी उडालं, तर मीठ तेवढंच राहतं, म्हणजे उरलेलं पाणी दुप्पट खारट होतं. सकाळी जे रोप बरं दिसतं ते दुपारी का माना टाकतं, याचं उत्तर बरंचसं यात आहे.

सगळ्या भाज्या सारख्या नाजूक नसतात. अमेरिकेतल्या मास आणि हॉफमन या दोघा शास्त्रज्ञांनी १९७७ साली जगभरचे प्रयोग गोळा करून पिकांची यादी केली. मातीतून निघणाऱ्या पाण्याची क्षारता डेसिसायमन या मापात मोजतात. घेवडा आणि गाजर १ च्या पुढं टिकाव धरत नाहीत. कांदा, मुळा १.२. मिरची १.५. कोबी १.८. पालक २. टोमॅटो आणि काकडी २.५. बीट ४. मिरचीचं उत्पन्न त्यापुढं दर एका अंकाला साधारण चौदा टक्के घटतं, घेवड्याचं एकोणीस. पण हे आकडे उभ्या पिकाचे आहेत. बीट एवढं सोशिक, तरी उगवताना तेही हळवंच असतं. आणखी एक सावधगिरी. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुधा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून क्षारता मोजतात. पाणी जास्त घातल्यामुळं तो आकडा लहान दिसतो. म्हणून पुस्तकातला आकडा आणि कार्डावरचा आकडा सरळ जुळवू नका. आमचा २.१ हा अडीचपट पाण्यातला होता. म्हणजे मिरचीच्या मर्यादेच्या तो कितीतरी पलीकडं होता.

मग हे मीठ आलं कुठून? समुद्र तर आमच्यापासून लांब. कोकणातल्या खारजमिनीत भरतीचं पाणी शिरतं, तिथं कारण डोळ्यांना दिसतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातलं पाणीच खारं आहे. आमच्या कृष्णाकाठी मात्र मीठ आणलं ते गोड्या पाण्यानं.

विश्वास बसत नसेल तर हिशेब करा. पिण्याच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम विरघळलेले क्षार आपल्या भारतीय मानकाला चालतात. म्हणजे ते गोडंच पाणी. एका एकरावर वर्षाला एक मीटर उंचीचं पाणी दिलं तर ते झालं चाळीस लाख लिटर. लिटरमागं अर्धा ग्रॅम म्हणजे वीस लाख ग्रॅम. दोन टन क्षार! एका एकरात, एका वर्षात. उसाला आपण मीटरभर पाण्यावर थांबत नाही, पाटानं त्याच्या दुप्पट आणि वर देतो. पाऊस आणि निचरा यांनी हे मीठ धुऊन गेलं तर प्रश्न नाही. पण आमची काळी माती खोल आणि चिकण. पाणी खाली जायची वाट अरुंद. वरून देत राहिलं की खालची पाणीपातळी वर येते आणि एकदा ती मुळांच्या जवळ आली की दिव्याच्या वातीनं तेल चढावं तसं पाणी वर चढतं. वर येऊन उडून जातं. मीठ ठेवून जातं.

हे काही आजचं नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास सुटलं. आणि १९१० सालीच पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन यांनी ताम्हणे यांच्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. पंचवीस वर्षं पुरली होती. माझा जन्म १९६९ चा, त्याच साली हरियानात कर्नालला केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था सुरू झाली. आमच्या जवळ कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथं अशाच जमिनींच्या निचऱ्यावर काम झालं आहे. ज्ञान दाराशी होतं. आम्ही दार ठोठावलं नाही.

आमच्या रानाचंच सांगतो. १९८९ पर्यंत तिथं फक्त भाजी आणि तरू. मग भाईनं विचारलं, वरच्या अंगाला ऊस लावू का? मी तेव्हा कॉलेजात. मीच म्हणालो, लाव, भाजीचा काय भरवसा, उसाचे पैसे एकदम येतात. ऊस वर आला आणि तरूचे वाफे सरकले खालच्या कोपऱ्यात, उसाचं सगळं पाणी पाझरून जिथं येतं तिथं. तो कोपरा आठ-नऊ वर्षांत चिबड झाला. अब्बांनी पाणी वाढवलं, त्यानं पातळी आणखी चढली. त्यांनी राख टाकली, राख स्वतःच अल्कधर्मी, तिनं सामू आणखी चढवला. म्हणजे दुखणं आमच्या सल्ल्यानं आलं, औषधानं वाढलं आणि आळ मात्र घेतला दुसऱ्याच माणसानं.

तेव्हा औषधाआधी दुखणं ओळखा. खारवट जमीन आणि चोपण जमीन, या दोन बहिणी असल्या तरी स्वभाव वेगळे. खारवट जमीन वाळली की वर पांढरी बुकटी दिसते, माती भुसभुशीत राहते, सामू साडेआठच्या आत असतो. चोपण जमीन वाळली की दगडासारखी, ओली झाली की बुळबुळीत, पाणी दिवसेंदिवस साचून राहतं, कधी वर काळपट थर येतो. तो काळेपणा कसदारपणाचा नव्हे, अल्कात विरघळलेल्या सेंद्रिय अंशाचा. घरच्या घरी एक बघता येतं. काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घ्या आणि त्यात मातीचं सुकं ढेकूळ अलगद सोडा. ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं आणि ते तासन्‌तास बसलं नाही, तर चोपणाचा संशय घ्या. ही खूण आहे, निदान नव्हे. निदान माती परीक्षणानंच होतं. आणि वाफ्यासाठी मातीचा नमुना घेताना वरच्या दोन-तीन बोटांचा वेगळा द्या, खालचा वेगळा.

नुसती खारवट जमीन असेल तर तिला जिप्सम लागत नाही. तिला हवं चांगलं पाणी आणि ते वाहून जायला वाट. एक फूट पाणी एक फूट मातीतून खाली झिरपून गेलं तर साधारण चार पंचमांश क्षार धुतले जातात असा जुना ठोकताळा आहे, काळ्या चिकण मातीत तो सैल पडतो. चोपण जमीन असेल तर मात्र आधी जिप्सम, तेही परीक्षणात येईल तेवढंच. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला उठवतो आणि त्याची जागा घेतो. उठलेला सोडियम पाण्याबरोबर गेला पाहिजे. तो जायला वाट नसेल तर जिप्सम टाकून उपयोग नाही. जोडीला धैंचा किंवा ताग गाडा, शेणखत, कंपोस्ट घाला.

ज्यांना यंदाच तरू टाकायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. एक, वाफा रानातल्या उंच जागी करा, गादीवाफा करा, उसाच्या पायथ्याला नको. दोन, वरंब्यावर रोप लावायचं असेल तर माथ्यावर लावू नका. दोन्ही सऱ्यांतून पाणी आलं की मीठ माथ्यावर गोळा होतं. रोप बगलेला, पाण्याच्या रेषेजवळ लावा. तीन, पाणी थोडं थोडं, लवकर लवकर द्या, वाफा कडक वाळू देऊ नका, पण तुंबवूही नका. विहिरीचं आणि बोअरचं पाणीही तपासून घ्या. चार, हल्ली ट्रेमध्ये कोकोपीटवर रोपं करतात, ती सोय चांगली. पण नारळाच्या काथ्यातही मीठ असू शकतं. न धुतलेलं कोकोपीट आणलं तर मातीतली गोष्ट ट्रेमध्ये घडते. आणि गोड्या ट्रेमध्ये वाढलेलं कोवळं रोप एकदम खाऱ्या रानात टाकू नका. थोडं निबर होऊ द्या, लावणीआधी रानाला चांगलं पाणी देऊन वरचं मीठ खाली ढकला.

पण हे सगळे उपाय वाफ्यापुरते. खरं काम निचऱ्याचं. जमिनीत सुमारे मीटरभर खोल, भोकं पाडलेले आणि जाळी गुंडाळलेले पाइप घालतात. जमिनीतलं जादा पाणी त्यात उतरतं आणि उताराला जाऊन नाल्याला मिळतं. एवढं सोपं असूनही ते एकट्या शेतकऱ्याला जमत नाही. कारण उतार आपल्या बांधावर संपत नाही. पाणी नाल्यापर्यंत न्यायचं तर खालच्या माणसाच्या रानातून न्यावं लागतं.

आमच्या खालचं रान तात्यांचं. त्यांचं आमचं बांधावरून अकरा वर्षं बोलणं बंद. खरं तर आमच्या उसाचं पाणी पाझरून त्यांचंही रान चिबड झालं होतं आणि ते हेच सांगत होते. आम्ही ऐकलं नाही. जमीन तपासली तेव्हा कळलं, त्यांच्या रानात आमच्यापेक्षा जास्त मीठ होतं.

अब्बा २०१० साली गेले. त्यांच्या हयातीत ते रान सुधारलं नाही. २०१९ च्या महापुरात तात्यांचं घर आणि आमचं घर, दोन्ही पाण्यात गेली आणि दोन्ही कुटुंबं एकाच शाळेच्या एका खोलीत आठ दिवस राहिली. भांडायला तिथं जागाच नव्हती. भाईनं तिथंच विषय काढला, आधी चूक कबूल केली, मग पाइपाचं विचारलं. तात्या लगेच हो म्हणाले नाहीत. "बघू पाणी उतरल्यावर," म्हणाले. पुढं शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन क्षारपड जमिनीत पाइप घातले होते, ते बघायला दोघं एकाच मोटरसायकलवरून गेले. २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या आणि शेजारच्या सहा जणांच्या रानात पाइप पडले. मुख्य पाइप तात्यांच्या रानातून नाल्याला गेला. वरचा ऊस ठिबकवर आला.

चमत्कार झाला असं सांगणार नाही. पहिल्या वर्षी पालक आणि बीट आलं. दुसऱ्या वर्षी टोमॅटो बरा आला. तिसऱ्या वर्षी वांग्याचा तरू टाकला, तो बऱ्यापैकी उगवला. अगदी खालच्या कोपऱ्यात, अब्बांच्या वाफ्याच्या जागी, मिरची अजून येत नाही. भाई म्हणतो, आणखी दोन पावसाळे लागतील. शिवाय आमच्या पाइपातून जे खारं पाणी नाल्यात पडतं ते नदीला जातं आणि नदीच्या खालच्या अंगालाही कुणाचे तरी वाफे आहेत. आम्ही मीठ नाहीसं केलेलं नाही, पुढं पाठवलं आहे. म्हणून मुळात पाणी कमी देणं, हाच यातला पहिला उपाय आणि तोच आम्ही सगळ्यात शेवटी केला.

राहिली त्या अर्जाची गोष्ट. मातीचा निकाल आला त्या संध्याकाळी अब्बा मला म्हणाले, "जसा पहिला अर्ज लिहिलास तसा दुसरा लिही. बी चांगलं होतं, माती आमची खराब होती, असं लिही. बाजारात वाचून दाखव." मी म्हणालो, आता कोण विचारतंय, लोक विसरतील. लोक खरंच विसरले, पण त्या विक्रेत्याचं दुकान काही वर्षांत उठलं. माझ्यामुळंच उठलं असं म्हणत नाही, पण माझा त्याला हातभार लागला. खाल्ल्या मिठाला जागणं असं आपण म्हणतो. मी जिथलं मीठ खाल्लं त्या बाजारात एका निर्दोष माणसाच्या संसारात मिठाचा खडा टाकला, आणि पुढं मी मिठावर कविता लिहिल्या, पण तो दुसरा अर्ज लिहिला नाही.

तेव्हा श्रोतेहो, आजचं हे बोलणं तोच दुसरा अर्ज समजा. बी चांगलं होतं. माती आमची खराब होती. ज्यांनी तेव्हा माझा पहिला अर्ज ऐकला होता, त्यांतले कुणी आज ऐकत असतील तर त्यांनी हेही घरी सांगावं.

आणि तुमचा तरू यंदा विरळ उगवला, करपला, माना टाकू लागला तर दुकानदाराशी भांडायच्या आधी शंभर बिया ओल्या फडक्यात बांधून बघा आणि पिशवीभर माती तपासायला द्या. आठ-दहा दिवसांचं काम आहे. आम्हाला त्याला चोवीस वर्षं लागली.